दारापर्यंत गेलेली शाळा : डोअर स्टेप स्कूलची वाटचाल

डोअर स्टेप स्कूलच्या कामाला १९८८ साली मुंबईत सुरुवात झाली. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या रजनी परांजपे आणि त्यांच्या विद्यार्थिनी बीना शेठ लष्करी या दोघींनी कफ परेडच्या झोपडवस्तीत पहिला वर्ग भरवला. पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, काम पुण्यात आले आणि येथे ते बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांकडे वळले. १९९८ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर संस्थेची फिरती बसशाळा धावू लागली. २०११ मध्ये पुण्यात शहरातल्या सर्वसामान्य नागरिकांना हाताशी धरून शाळाबाह्य मुले शोधण्याची मोहीम सुरू झाली. संस्थेच्या प्रवासातले हे चार मोठे टप्पे.

या टप्प्यांकडे स्वयंसेवकाच्या नजरेतून पाहिले की एक धागा स्पष्ट दिसतो. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलाच्या आयुष्यात घर, गाव, भाषा, शेजारी, शाळा हे सगळे बदलत राहते. त्या मुलाला शिकायचे असेल तर निदान त्याच्याकडे येणारी माणसे आणि त्यांच्या येण्याच्या वेळा तरी पक्क्या असायला हव्यात. संस्थेने वेळोवेळी कामाची पद्धत बदलली, जागा बदलल्या, पण ठरलेल्या वेळी मुलापर्यंत पोचण्याचा नेम सोडला नाही. पुढचा सगळा इतिहास या नेमाचा आहे.

पहिला वर्ग

कफ परेडच्या वस्तीतल्या मुलांना शाळाच नव्हती, असे नाही. महापालिकेची शाळा होती, ती मोफतही होती. तरीही मुले तिथे टिकत नव्हती. रजनीताई आणि बीनाताईंनी या प्रश्नाचे तीन भाग केले आणि संस्थेची सगळी पुढची आखणी त्या तीन भागांवर उभी राहिली. काही मुलांचे नाव कधी पटावर चढतच नाही. काहींचे नाव चढते, पण एक-दोन इयत्तांनंतर शाळा सुटते. आणि काही मुले वर्षानुवर्षे वर्गात बसतात, वरच्या इयत्तेत जातात, पण त्यांना वाचता येत नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी मुलाच्या घरी जावे लागते, दुसऱ्यासाठी रोज पाठपुरावा लागतो, तिसऱ्यासाठी शाळेच्या आत शिरून शिकवण्यात हातभार लावावा लागतो.

कुलाब्याच्या ससून डॉकवर पहाटे मासळी उतरते आणि कोळंबी सोलायचे काम हातावर पोट असलेली कुटुंबे करतात. अशा वस्त्यांमध्ये मुलांचा दिवस शाळेच्या घंटेवर चालत नाही. पाणी भरायचे, धाकट्याला सांभाळायचे, आई कामावरून येईपर्यंत घर राखायचे, हे सगळे झाल्यावर मूल मोकळे होते. म्हणून वर्गाची वेळ मुलाच्या दिवसात जिथे फट असेल तिथे बसवायची आणि जागा त्याच्या घराजवळची निवडायची, असे ठरले. संस्थेचे नाव याच विचारातून आले. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असेल तर त्यालाही वर्गात बसू द्यायचे, कारण भावंडाला बाहेर ठेवले तर बहीणही बाहेर राहते.

आधीची वाट

शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या प्रयोगातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. १९५७ पासून कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवल्या. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार, असा तो प्रयोग होता.

शहरातल्या बांधकामावर हेच काम मोबाइल क्रेशेस या संस्थेने आधी केले. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळ प्रदर्शनासाठी बांधकाम चालू होते. तिथे मजूर बायांची तान्ही मुले उन्हात, खडी-मातीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर सुरू केले. मीराबाई मूळच्या मराठी बेने इस्रायली घरातल्या. त्यांच्या कामाचा पुढे मुंबई आणि पुण्यातही विस्तार झाला. काम संपले, मजूर हलले की पाळणाघरही हलायचे.

डोअर स्टेप स्कूल या परंपरेतली पुढची कडी आहे. तिचा भर सुरुवातीपासून वाचन-लेखनावर आणि मुलाला सरकारी शाळेत नेऊन तिथे टिकवण्यावर राहिला.

पुण्यात : बांधकामावरचे वर्ग

१९९३ मध्ये रजनीताईंनी पुण्यात काम सुरू केले. पुढच्या काही वर्षांत शहर झपाट्याने पसरले. कोथरूड, वारजे, बाणेर, वाकड, खराडी, हडपसर, कोंढवा अशा सर्व दिशांना इमारती उठू लागल्या, हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या. या इमारती बांधायला मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर कर्नाटकातून आणि तेलंगणातून कुटुंबे आली, नंतर छत्तीसगड, बिहार, ओडिशा, पश्चिम बंगालमधूनही येऊ लागली. साइटच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग, टँकरचे पाणी आणि दिवसभर मोठी माणसे कामावर, अशा ठिकाणी ही मुले वाढतात.

ऊसतोडीच्या स्थलांतराला निदान हंगाम असतो. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, मार्च-एप्रिलमध्ये परतते. बांधकामावरच्या स्थलांतराला असा हंगाम नसतो. ते इमारतीच्या टप्प्यांप्रमाणे चालते. पायाभरणीला आणि स्लॅबला सेंट्रिंगची, सळईची माणसे लागतात. ती गेली की वीटकामाचे गवंडी आणि त्यांच्या बिगारी येतात, मग प्लास्टरवाले, मग फरशीवाले. इमारत दोन-तीन वर्षे उभी राहत असते, पण त्यातले एक कुटुंब तिथे काही महिनेच राहते. मुकादमाने दुसरे काम धरले की एका रात्रीत सामान टेम्पोत चढते. त्यामुळे एकाच साइटवर वर्षभर वर्ग चालला, तरी जूनमध्ये बसलेली मुले डिसेंबरमध्ये तिथे असतीलच असे नाही. बाईंच्या हजेरीपत्रकात नावे खोडली जातात आणि नवी लिहिली जातात.

या वास्तवाशी जुळवून घेत संस्थेने वर्गाची पद्धत बसवली. जागा बांधकाम व्यावसायिकाकडून मागायची. कधी पत्र्याची खोली मिळते, कधी तयार होत आलेल्या इमारतीतला तळमजला, कधी वाहनतळाचा कोपरा. शिक्षिका बहुतेक आसपासच्या वस्त्यांतल्या. त्यांना प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांच्यामागे पर्यवेक्षिका उभी करायची. लहान मुलांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी वाचन-लेखन-गणिताचा वर्ग, शाळेत जाणाऱ्यांसाठी अभ्यासिका. अभ्यासक्रमाचे तुकडे असे पाडायचे की मूल एक-दोन महिनेच आले तरी जाताना त्याच्याकडे काहीतरी पुरे झालेले असावे. काही अक्षरे पक्की असावीत, शंभरपर्यंतचे आकडे यावेत, स्वतःचे नाव लिहिता यावे.

भाषेचा प्रश्न रोजचा आहे. एका वर्गात कन्नड, तेलुगू, गोरमाटी, छत्तीसगढी आणि मराठी बोलणारी मुले एकत्र बसतात. बाई चित्रे दाखवतात, गाणी म्हणतात, कृती करून घेतात आणि थोड्याच दिवसांत मुलेच एकमेकांची दुभाषी होतात. मराठी शाळेत जायचे तर मराठी यायला हवी, पण घरच्या बोलीला वर्गात चूक ठरवायचे नाही, हे भान शिक्षिकांनी ठेवले. मूल बोलायला लागले की शिकायला लागते, हा त्यांचा अनुभव आहे.

चाकांवरची शाळा

मुंबईत एक वेगळी अडचण होती. पदपथावर राहणारी, सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी, पुलाखाली झोपणारी मुले वर्गासाठी कुठे बसणार? तिथे खोली मिळणे अशक्य होते. १९९८ मध्ये संस्थेने बसमध्येच वर्ग थाटला. आसने काढून मुलांना खाली बसायला जागा केली, फळा लावला, पुस्तके ठेवली. बस ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी उभी राहते, वीस-पंचवीस मुले आत येतात, वर्ग होतो आणि बस पुढच्या थांब्याकडे निघते. दिवसभरात असे अनेक थांबे होतात. पुढे पुण्यातही अशी वाहने आली.

बसशाळेचे कौतुक खूप झाले आणि त्यातल्या नावीन्यामुळे ते होणारच होते. पण तिचे खरे यश तिच्या वेळापत्रकात आहे. रस्त्यावरच्या मुलाकडे कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. बस रोज त्याच वेळी आली की त्याचा दिवस त्या वेळेभोवती जमू लागतो. ते तोंड धुऊन, दप्तर घेऊन थांब्यावर उभे राहते. एखाद्या दिवशी बस आली नाही तर त्या मुलाचा आपल्यावरचा विश्वास उणा होतो, ही जाणीव चालकापासून शिक्षिकेपर्यंत सगळ्यांनी बाळगली.

पुण्यात वाहनांचा आणखी एक उपयोग झाला. साइटपासून महापालिकेची शाळा लांब, मध्ये मोठा रस्ता आणि पालक कामावर. मुलाचे नाव शाळेत घातले तरी त्याला रोज नेणार-आणणार कोण? म्हणून संस्थेने मुलांना साइटवरून शाळेत पोचवणारी वाहतूक सुरू केली. वाहनात एक ताई असते. ती मुलांना खोल्यांतून बोलावते, मोजते, शाळेच्या दारात सोडते आणि परत आणते. अनेक मुलांच्या बाबतीत शाळा टिकण्याचे आणि सुटण्याचे अंतर या एका फेरीएवढेच असते.

कायदा आला, मग नागरिक आले

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. स्थलांतरित मुलांच्या दृष्टीने त्यातली काही कलमे फार महत्त्वाची आहेत. कलम ४ नुसार कधीही शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचे. कलम ५ मुलाला दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या राज्यातही, बदलून जाण्याचा हक्क देते आणि दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ म्हणते की वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला नाकारायचे नाही. कलम १५ नुसार वर्ष सुरू होऊन गेले असले तरी प्रवेश द्यायचा.

कायद्याने शाळेचे दार उघडले, पण त्या दारापर्यंत मुलाला नेणार कोण, हा प्रश्न उरला. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. तरीही काही महिन्यांपुरती गाव सोडणारी कुटुंबे अशा मोजणीतून निसटतात. गावच्या शाळेच्या पटावर नाव असलेले मूल प्रत्यक्षात शहरात असते आणि शहरातल्या शाळेला त्याचा पत्ता नसतो. दोन्हीकडच्या कागदांत ते नीट बसत नाही.

महाराष्ट्रात यावर वेगवेगळ्या वाटांनी प्रयत्न झाले. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. जनार्थ संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा उभ्या केल्या. मराठवाड्यात मुलांनी आई-बापांबरोबर न जाता गावीच राहून शिकावे म्हणून सरकारी मदतीने हंगामी वसतिगृहे सुरू झाली. बांधकामावरच्या कुटुंबाला परतीचा महिना ठाऊक नसतो, त्यामुळे तिथे वसतिगृहाची वाट तोकडी पडते. मूल जिथे आहे तिथल्या शाळेत त्याला तत्काळ बसवणे, हाच उपाय उरतो.

डोअर स्टेप स्कूलने २०११ मध्ये पुण्यात ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ ही नागरिकांची मोहीम सुरू केली, ती या उपायासाठी. पहिलीत जाण्याच्या वयाचे, म्हणजे सहा-सात वर्षांचे, एकही मूल शाळेबाहेर राहू नये, हे तिचे उद्दिष्ट. याच वयात नाव घातले गेले तर पुढचे बरेच काही सुरळीत होते. शाळा सुरू होण्याआधीच्या महिन्यांत स्वयंसेवक आपापल्या भागातल्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, पालांवर जातात, मुलांची नोंद करतात, जवळची महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा शोधतात आणि जून उजाडला की पालकांना सोबत घेऊन प्रवेश करून देतात.

या मोहिमेने संस्थेचे स्वरूप बदलले. तोवर शाळा चालवणारी संस्था अशी तिची ओळख होती. आता शहरातल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांना शेजारच्या साइटवरच्या मुलाची जबाबदारी घ्यायला लावणारी संस्था, अशी नवी ओळख तिला जोडली गेली. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे पाऊल आहे. एका संस्थेचे वर्ग कितीही वाढले तरी शहर त्याहून वेगाने वाढते. सरकारी शाळा मात्र प्रत्येक भागात आहे. तिच्यापर्यंत मुलाला नेणारी माणसे वाढली, तरच हे काम शहराच्या वेगाला पुरे पडू शकते.

स्वयंसेवकाचे काम

स्वयंसेवकांत महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, शनिवार-रविवारी वेळ देणारे नोकरदार असतात, गृहिणी आणि निवृत्त मंडळी असतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम नोंदीचे वाटते, आणि ते तसे आहेही. पण त्या नोंदीपर्यंत पोचायला चिकाटी लागते.

साइटवर पहिली भेट रखवालदाराशी होते, मग पर्यवेक्षकाशी, मग मुकादमाशी. प्रत्येकाला सांगावे लागते की आम्ही कुठल्या कार्यालयातून तपासणीला आलेलो नाही. खोल्यांपाशी पोचल्यावर बायका आधी गप्प असतात. “नाव लिहून काय करनार?” हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. ज्यांनी आजवर नाव लिहून नेले त्यातले बहुतेक परत आले नाहीत. मुलाचे वय विचारले तर जन्मतारीख क्वचितच मिळते. “पोळ्याच्या आसपास झाला,” “हिच्या मोठ्या भावाच्या पाठीवर दोन वर्षांनी,” अशी उत्तरे मिळतात आणि त्यावरून हिशेब मांडावा लागतो. दात पडले का, हेही पाहिले जाते.

नंतरचा टप्पा शाळेचा. पालकाचा एक दिवसाचा रोज बुडतो, त्यामुळे प्रवेश एका खेपेत व्हावा अशी तयारी करून जावे लागते. मुख्याध्यापकांना आधी भेटून ठेवायचे, अर्ज भरून न्यायचा, कागद नसतील तर कायद्यातली तरतूद नम्रपणे दाखवायची. बहुतेक शिक्षक मदत करतात. त्यांचीही एक अडचण असते आणि ती समजून घेतली पाहिजे. मूल चार महिन्यांनी निघून गेले की पटावर गैरहजेरी दिसते आणि उत्तर त्यांना द्यावे लागते. म्हणून स्वयंसेवकाने मूल कुठे गेले याचा निरोप शाळेला देणे आणि नव्या ठिकाणच्या कार्यकर्त्याला कळवणे, हा कामाचाच भाग आहे.

प्रवेशाच्या दिवशी फोटो निघतात. खरे काम त्यानंतरच्या आठवड्यांत असते. पहिल्या पंधरवड्यात मूल घाबरते. गणवेश मिळालेला नसतो, वर्गातली भाषा कळत नाही, शौचालयाला जायचे कसे विचारावे हे ठाऊक नसते. त्या दिवसांत कोणी ओळखीचे माणूस साइटवर येऊन “आज काय शिकलास?” असे विचारले, बाईंशी दोन शब्द बोलले, तर मूल टिकते.

इतक्या वर्षांत संस्थेने स्वयंसेवकांसाठी काही संकेत घालून दिले. ठरलेल्या दिवशी यायचे, येता येणार नसेल तर आधी कळवायचे. केंद्रावरची ताई ही वर्गाची प्रमुख, तिच्या सूचनेप्रमाणे चालायचे. मुलांना वस्तू वाटत सुटायचे नाही. पाळता येणार नाही असे आश्वासन द्यायचे नाही. आई-बापांच्या गरिबीबद्दल मुलांसमोर बोलायचे नाही. बाहेरच्या माणसाला हे संकेत किरकोळ वाटतील. पण जिथे प्रत्येक गोष्ट अधूनमधून येते आणि निघून जाते, अशा आयुष्यात दर शनिवारी दहा वाजता येणारी व्यक्ती ही मुलासाठी फार मोठी गोष्ट असते. आमच्यापैकी अनेकांना शिकवण्याचे कसब फारसे नव्हते. नेमाने जाणे आम्हाला जमले आणि त्याचा उपयोग झाला.

पुस्तके

संस्थेने मांडलेल्या तीन प्रश्नांतला तिसरा, म्हणजे शाळेत असूनही वाचता न येणे, सर्वांत अवघड. त्यासाठी पुण्यात महापालिकेच्या शाळांमध्ये वाचनाचे उपक्रम सुरू झाले. शाळेच्या वेळापत्रकात वाचनाची तासिका मिळवली, वर्गात पुस्तके नेली आणि मुलांना ती हाताळू दिली, घरी नेऊ दिली. पाठ्यपुस्तकाखेरीज एकही पुस्तक ज्या घरात नाही, तिथे रंगीत चित्रांचे गोष्टीचे पुस्तक जाते तेव्हा त्याचे वाचक एकाहून अधिक असतात. मूल वाचते, शेजारची मुले ऐकतात, आई काम करता करता चित्र पाहते.

इथेही स्वयंसेवकांची गरज सतत असते. वर्गातली चाळीस मुले एका शिक्षिकेसमोर एकेक करून मोठ्याने वाचू शकत नाहीत. चार स्वयंसेवक असतील तर प्रत्येक मुलाला शेजारी बसून ऐकणारे कोणीतरी मिळते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला ऐकून घेणारा माणूस मिळाला की त्याची भीड चेपते. पुस्तके फाटतात, त्यांना चिकटपट्ट्या लावणे, नोंदी करणे, पेटीत परत लावणे, हे कामही स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केले आहे आणि त्याची नोंद या स्मरणिकेत व्हायला हवी.

२०२० ची कसोटी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बांधकामे थांबली. रोजचा पगार थांबला, साइटच्या खोल्यांमध्ये कुटुंबे अडकली आणि वाट मोकळी होताच हजारो माणसे गावाकडे निघाली. देशाने रस्त्यांवर जे पाहिले त्यात आमच्या वर्गांतली मुलेही होती. कित्येक मुलांचा ठावठिकाणा पालकांच्या फोननंबरापुरता उरला आणि रिचार्ज संपल्यावर तोही गेला.

शाळा बंद असताना शिक्षण फोनवर आले. मजुराच्या घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. संध्याकाळी तो घरी आल्यावर जो वेळ मिळेल त्यात शिकायचे. पुण्यातल्या शाळांमध्ये पहिलीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत पुन्हा खंड पडला. जवळजवळ दोन वर्षे ही मुले शाळेपासून दूर राहिली. सहाव्या वर्षी शाळेत यायचे मूल आठव्या वर्षी प्रथम आले. मोठ्या मुलांपैकी काही मुलगे कामाला लागले, काही मुलींची लग्ने ठरली.

या काळाने वर्गाचे मोल नव्याने दाखवून दिले. सोय असलेल्या घरातल्या मुलांचे नुकसान पालकांनी, शिकवण्यांनी, पुस्तकांनी काही अंशी भरून काढले. साइटवरच्या मुलाकडे यातले काहीही नव्हते. त्याच्यासाठी वर्गात येणारी ताई हीच शिक्षणाची एकमेव वाट होती आणि ती बंद झाली की सगळेच बंद झाले. पुढे वर्ग उघडल्यावर मुलांना पुन्हा गोळा करणे, विसरलेली अक्षरे परत बसवणे आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना वयानुसार वर्गात घालून मागचा अभ्यास भरून काढणे, हे काम शिक्षिकांनी नेटाने उचलले.

जमेची बाजू आणि उरलेले काम

साडेतीन दशकांच्या कामाचे माप घ्यायचे तर काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. बांधकामावर वर्ग हवा, ही मागणी एकेकाळी व्यावसायिकांना नवलाची वाटे. आज अनेक व्यावसायिक जागा, वीज आणि पाणी स्वतःहून देतात. स्थलांतरित मुलाचा प्रवेश वर्षात कधीही होऊ शकतो, हे आता शाळांना नव्याने पटवावे लागत नाही. वस्त्यांमधल्या कितीतरी स्त्रिया या वर्गांमुळे शिक्षिका झाल्या, त्यांच्या घरातली पुढची पिढी शिकली. आणि शहरातल्या शिक्षित वर्गातली काही माणसे तरी आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या बांधकामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली.

उरलेले कामही मोठे आहे. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेलेल्या मुलाची माहिती त्याच्याबरोबर जाण्याची पक्की व्यवस्था अजून व्हायची आहे. परप्रांतातून आलेल्या मुलाला आपल्या भाषेतून मराठीपर्यंत नेणारी सोय सरकारी शाळांमध्ये पुरेशी नाही. प्राथमिक शाळा संपल्यावर पाचवी-सहावीत गळणाऱ्या मुलींकडे विशेष लक्ष द्यायला हवे. पन्नासहून अधिक स्त्रिया काम करत असतील अशा बांधकामावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर असावे, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितले होते. ते सर्वत्र झाले तर धाकट्यांना सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीला घरी बसावे लागणार नाही. यांपैकी कोणतेही काम एकट्या संस्थेच्या आवाक्यातले नाही. महापालिका, शिक्षण विभाग, व्यावसायिक आणि नागरिक यांनी ते वाटून घ्यायला हवे.

ही स्मरणिका हाती घेतलेल्या प्रत्येक वाचकाला म्हणूनच एक विनंती आहे. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एखादे बांधकाम नक्की चालू असेल. शाळा सुरू होण्याआधी तिथे जा आणि सहा-सात वर्षांची किती मुले आहेत ते विचारा. त्यांची नावे लिहा, जवळच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि पालकांबरोबर प्रवेशाला जा. कागद नाहीत म्हणून प्रवेश अडत नाही, हे पालकांना सांगा. त्यानंतर आठवड्यातला एक ठराविक तास त्या मुलांसाठी राखून ठेवा आणि तो चुकवू नका. संस्थेचे कार्यकर्ते तुमच्याबरोबर येतील, वाट दाखवतील. पुढच्या जूनमध्ये तुमच्या शेजारच्या साइटवरचे एकही मूल शाळेबाहेर राहता कामा नये.